आईची वेल आणि ड्रायव्हरचा पराग

सदर इसम, वय पन्नाशीच्या अलीकडे, बांधा किरकोळ, वर्ण उन्हात वाळलेला, अविवाहित, शिक्षण कामापुरते. ओळखीची खूण : बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न पाहता त्याच्या हातांकडे पाहणे. सदर इसम वस्तीच्या कडेला असलेल्या पॅशन फ्रूटच्या मळ्याचा कब्जेदार असून लागवड, छाटणी, खते, पाणी, फवारणी, वेचणी, प्रतवारी व रवानगी या सर्व बाबी त्याच्या वैयक्तिक देखरेखीखाली पार पडतात. मळ्याच्या फाटकास दोन कुलपे आहेत. दोन्हींच्या किल्ल्या त्याच्याच कमरेला असतात. सदर इसमाविरुद्ध कोणाचीही तक्रार नाही. त्याच्या मात्र सर्वांविरुद्ध आहेत. एवढ्या व्यापाचा कारभार तो एकहाती सांभाळतो.

फुलांचं सगळं काम बहीण करते.

लोक त्याला खातरजमा म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर काका म्हणतात. नाव पडलं ते त्याच्याच तोंडच्या शब्दावरून. दूधवाल्याने दूध मोजून ओतलं की हा म्हणणार, "थांब, खातरजमा करू दे," आणि आतून घरचं माप आणणार. डॉक्टरांनी ताप आहे असं सांगितलं तर घरी येऊन स्वतःच्या थर्मामीटरने पुन्हा पाहणार. दोन्हींचा आकडा जुळला, तर थर्मामीटर बनवणारे सगळे आतून एकच आहेत असं त्याचं मत पडतं. तो वाईट माणूस नाही. आजवर त्याने कुणाला फसवलेलं नाही. आपण न फसवता इतकी वर्षं निभावली, म्हणजे तेवढी फसवणूक बाकीच्यांनी वाटून घेतली असणार, इतकाच त्याचा हिशेब आहे.

बहीण त्याच्याहून मोठी. सगळी गल्ली तिला ताई म्हणते, भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत. ऐन वयात तिच्या लग्नाची बोलणी दोनचारदा निघाली होती. प्रत्येक वेळी मुलाकडच्यांची खातरजमा धाकट्या भावाने अंगावर घेतली. एकाही वेळी ती पुरी झाली नाही. मग आई अंथरुणाला खिळली, आणि ताईकडे दुसरं काम आलं. ताईने याबद्दल कधी कुरकुर केल्याचं कुणी ऐकलेलं नाही. फक्त भावाला चहा देताना ती कप जरा जोरात टेकवते.

आता वेलीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण भांडण तिच्यावरून झालं.

पॅशन फ्रूटची वेल कृष्णकमळाच्या भावकीतली. फूल तसंच, झालरीचं, दिमाखदार. ते दुपारी उमलतं आणि अंधार पडायच्या आत मिटायला लागतं. तेवढ्या वेळात फुलाच्या माथ्यावरच्या तीन टोकांना परागाची पिवळी पूड लागली तर फळ धरतं. नाही लागली तर फूल देठासकट खाली. पूड भरपूर लागली तर आत बिया भरपूर, आणि प्रत्येक बीभोवती रसाची पिशवी, म्हणून रसही भरपूर. पूड जेमतेम लागली तर फळ बाहेरून गोंडस आणि आतून रिकामं. रसाच्या कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. गाडी आली की तिथला माणूस प्रत्येक क्रेटमधलं एखादं फळ कापतो, आत बघतो, आणि एकतर क्रेट उचलतो किंवा पायाने बाजूला सारतो. तोंडाने काहीच बोलत नाही.

फुलांना पूड लावायचं काम भुंगे करतात. भुंगे कमी पडले तर माणसाने करायचं. ताई मधल्या बोटाने करते. बहराच्या दिवसांत तिचं ते बोट पिवळं असतं, आणि भाकरी भाजली तरी पिवळंच राहतं.

मळ्यातल्या जुन्या वेली मर रोग लागून गेल्या तेव्हा नव्या लावायची वेळ आली. जुन्यांतली एकच टिकली होती. ती आईने स्वतः बी टाकून वाढवलेली, विहिरीजवळची. फळं मोठी, साल चकचकीत. खातरजमाला दुसरीकडून रोपं आणणं शक्य नव्हतं. रोपवाटिकेतला माणूस सांगतो एक आणि देतो दुसरंच, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं, पण त्याला माहीत होतं. त्याने आईच्या वेलीच्या फांद्या कापल्या, पिशव्यांत रुजवल्या आणि सगळा मळा त्यांनी भरून टाकला. प्रत्येक मांडवावर आईची वेल. "घरचं ते घरचं," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

पहिला बहर आला तो बघायला लोक थांबायचे. मांडव फुलांनी झाकून गेले. मग फुलं गळाली. फळ म्हणून जे काही हाताला लागलं ते कारखान्याच्या माणसाने पायाने बाजूला सारलं, आणि त्या वर्षी त्यांची गाडी परत आली नाही.

खातरजमाने तपास हाती घेतला. पहिला संशय फवारणीच्या औषधावर. दुसरा भुंग्यांवर, ते आत येतात पण काम न करता जातात, असं त्याचं निरीक्षण होतं. तिसरा शेजाऱ्यावर.

शेजारी म्हणजे ड्रायव्हर. जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवून निवृत्त झालेला, एकटा माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्याच्या अंगणात कुठून कुठून आणलेल्या बियांच्या पॅशन फ्रूटच्या वेली होत्या, एकीचं तोंड दुसरीला मिळत नाही अशा. ओसरीच्या खांबाला त्याने जुन्या बसचा आरसा बसवून घेतला होता. रस्त्याकडे पाठ करून बसायचं आणि मागून कोण येतंय ते आरशात बघायचं, ही जन्माची सवय. खातरजमाच्या मते ते टेहळणीचं साधन होतं. शिवाय जमीन ड्रायव्हरच्या बाजूला उतरती होती, आणि पॅशन फ्रूट पिकलं की आपण होऊन खाली पडतं. पडलेलं फळ घरंगळत कुठे जाणार? खातरजमाने एकदा एक फळ मांडवाखालून सोडून पाहिलं. ते पहिल्याच गवताच्या झुबक्याला अडून थांबलं. प्रयोगासाठी चुकीचं फळ निवडलं गेलं, असं त्याने ठरवलं आणि कुंपणाची तार हातभर उंच केली.

त्याच सुमारास कृषी कार्यालयातल्या मॅडम येऊन गेल्या. त्यांनी एक फूल तोडलं, दोन मांडव फिरल्या आणि विचारलं, "काका, सगळ्या वेली एकाच वेलीच्या फांद्या का?"

"एकाच. आईच्या."

"मग ह्या पुष्कळ वेली नाहीत. ही एकच वेल आहे, पुष्कळ ठिकाणी लावलेली. आणि हिला स्वतःचा पराग चालत नाही."

"चालत नाही म्हणजे?"

"फूल नाकारतं. दुसऱ्या वेलीचा पराग लागतो. मधे मधे दुसऱ्या जातीची रोपं लावा."

"कुठे मिळतात?"

"कुठल्याही चांगल्या नर्सरीत मिळतील की."

खातरजमा हसला. तो वर्षातून एखादवेळा हसतो, आणि तेही कुणीतरी पकडलं गेलं म्हणून. "आलं ध्यानात," तो म्हणाला, आणि मॅडमना फाटकापर्यंत सोडून दोन्ही कुलपं लावून आला.

"आईच्या वेलीला घरचं चालत नाही आणि बाहेरचं चालतं," संध्याकाळी तो ताईला म्हणाला, "हे मी चारचौघांत कुठल्या तोंडाने सांगू?"

ताईने कप टेकवला.

पुढच्या बहराला झाडून सगळ्या मांडवांवर फळं धरली. हातात घेतली की जड लागणारी, कापली की रस पाटावर ओघळणारी. कारखान्याने परीक्षा म्हणून गाडी पाठवली. माणसाने कापून पाहिलं, क्रेट उचलले, आणि जाताना तो पहिल्यांदाच बोलला : पुन्हा पोकळ माल निघाला तर गाडी कायमची बंद. खातरजमाने मान डोलावली. कुंपण उंच केल्याचा एवढा उपयोग होईल असं त्यालासुद्धा वाटलं नव्हतं.

त्यानंतरच्या बहरात त्याचं लक्ष ताईकडे गेलं.

सुरुवात फार बारीक गोष्टीने झाली. सगळी गल्ली ताईला ताई म्हणते. ड्रायव्हर काहीच म्हणत नाही. समोर आली की मान हलवतो, "आज ऊन आहे" म्हणतो, "पाणी आलं का" म्हणतो, पण ताई म्हणत नाही. एका माणसाने वर्षानुवर्षं एक साधा शब्द टाळणं, यामागे काहीतरी असणार. खातरजमा लक्ष ठेवू लागला. मग त्याला दिसलं की यंदा ड्रायव्हरच्या वेलींनाही फळं जास्त आहेत. मग एक दिवस वर्गणी मागायला म्हणून तो ड्रायव्हरच्या दारात उभा राहिला, आणि त्याला चौकटीवर पिवळा डाग दिसला. बोटाचा. चौकटीला हात टेकून कुणी चप्पल काढली तर जिथे बोट टेकेल, बरोबर तिथे.

आता प्रकरण उघड होतं. आईच्या वेलीचा पराग पलीकडे जात होता. मोठं फळ, चकचकीत साल, सगळा गुण एका बोटावरून कुंपणापार चालला होता, आणि ते बोट घरचं होतं.

खात्री पटली असली तरी खातरजमा बाकी होती. दुपारी तो पंपाच्या खोलीत जाऊन बसला. खोलीच्या झरोक्यातून कुंपण दिसतं. फुलं उमलायच्या वेळेला ताई आली. तिच्या हातात औषधाच्या गोळ्यांची जुनी डबी होती. कुंपणाच्या कोपऱ्यात तार जरा सैल होती. तिथून ती सहज, रोजच्या सवयीने, पदर सावरून पलीकडे गेली. खातरजमाने झरोक्याला डोळा लावला. ड्रायव्हर ओसरीवर पाठमोरा बसला होता.

"मालक," ड्रायव्हर मान न वळवता म्हणाला, "पंपाच्या खोलीत उकडत असेल. इकडे या, चहा होतोय."

आरशात झरोका दिसत होता.

खातरजमा गेला नाही. तो घरी येऊन स्वयंपाकघरात बसला. ताई आली, तिने डबी फळीवर ठेवली, हात न धुता आधी चहाचं आधण ठेवलं.

"डबीत काय आहे?"

"पूड."

"कुणाची?"

"जाताना आपली. येताना त्यांची."

"म्हणजे आईच्या वेलीची पूड तू त्याला देतेस."

"देते की. आणि त्यांच्या वेलींची आणते, नि आपल्या फुलांना लावते. दोन बहर झाले. त्यांच्याही फळांत रस भरला, आपल्याही भरला. तू तार उंच केलीस म्हणून नाही भरला."

"नेताना मी पाहिलं. आणताना कुणी पाहिलं?"

"डबी उघडून बघ."

त्याने उघडली. आत पिवळी पूड होती. "पिवळीच आहे," तो म्हणाला. "आपलीही पिवळीच असते. नेलेलीच परत आणली नसशील कशावरून?"

"अरे, नेलेली परत कशाला आणेन मी? फिरायला नेते का तिला?"

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू खातरजमा केली असतीस. बहर थांबतो का तेवढा?" ताईने साखर टाकली. "मॅडम हेच सांगून गेल्या होत्या."

"मॅडमची नर्सरी आहे."

"नाहीये."

"मग मेहुण्याची असेल."

"त्यांना मेहुणा आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"मेहुणा सगळ्यांना असतो."

"तुला नाहीये."

"म्हणून तर मी सरळ आहे."

ताईने चहा गाळला आणि कप त्याच्यासमोर ठेवला. या वेळी हळूच ठेवला. खातरजमा त्यानेच सावध झाला.

"तुलाही मेहुणा होईल आता," ती म्हणाली. "बहर संपला की मी पलीकडे जाणार आहे. लग्न करून. ते विचारून मोकळे झालेत, मी हो म्हणून मोकळी झाले. तुला सांगायचं राहिलं होतं तेवढं सांगितलं."

खातरजमाने कप उचलून त्याचं बूड तपासलं.

"त्याचं लायसन्स पाहिलंस का?" त्याने विचारलं.

"कसलं?"

"बसचं. खरंच ड्रायव्हर होता का, ते."

"मी त्यांच्या बसने मावशीकडे जायचे," ताई म्हणाली. "तेव्हा तरी तेच चालवत होते."

त्या संध्याकाळी कुंपणाच्या कोपऱ्यात तिसरं कुलूप आलं. खातरजमाने सैल तार आवळली, साखळी घातली, आणि दुसऱ्या दिवशीपासून फुलांचं काम स्वतः करायला घेतलं. आईच्या वेलीचा पराग आईच्याच वेलीला. बहर ऐन भरात होता. काम तो मन लावून करायचा. एकेका फुलाला दोनदोनदा बोट लावायचा, फूल काही चुकवत तर नाही ना हे बघायचा. दोन दिवसांनी मांडवाखाली पिवळट देठांचा सडा पडला. ताई तो झाडून काढायची. झाडलेली फुलं मात्र कचऱ्यात न टाकता पंपाच्या खोलीच्या दाराशी ढीग करून ठेवायची, जिथे येताजाता दिसतील.

"माझ्या बोटाला गुण नाही, असं म्हणायचंय का तुला?" शेवटी त्यानेच विषय काढला.

"मला काहीच म्हणायचं नाही. गाडी आली की कारखानेवाले म्हणतील. त्यांनी गाडी बंद केली की हा मळा कुणाला रस विकणार, ते तू बघ. मी तर पलीकडे असेन."

"तू जाणार म्हणूनच पलीकडचं ते खरं आणि अलीकडचं खोटं करत नाहीस ना?"

"मग कर की खातरजमा," ताई म्हणाली. "सगळ्या जगाची केलीस. हिचीही कर."

असं त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. लोक त्याला खातरजमा करू नकोस असंच सांगत आले होते. तो जरा गडबडला, पण मग त्याने तयारी केली, आणि जी केली तिला कुणी नाव ठेवू शकणार नाही. जुनी मच्छरदाणी फाडून त्याने लहान लहान पिशव्या शिवल्या. फुलं उमलायच्या आधीच कळ्यांना त्या बांधल्या, म्हणजे भुंगा आत जाणार नाही. ज्यांना आईच्या वेलीचा पराग लावायचा त्यांच्या देठाला लाल दोरा, ज्यांना ड्रायव्हरच्या वेलीचा लावायचा त्यांना पांढरा. दोऱ्यांच्या गाठी त्याने स्वतः मारल्या, आणि आपल्या गाठी कुणी सोडून पुन्हा मारल्या तर कळावं म्हणून प्रत्येक गाठीत एक केस अडकवला. स्वतःचाच. त्याच्या डोक्याला हा खर्च जड जाणारा होता.

राहता राहिला पलीकडचा पराग. ताईने आणून चालणार नव्हतं. ड्रायव्हरने आणून चालणार नव्हतं. पराग स्वतः आणायचा, तर स्वतः पलीकडे जायला हवं. इतक्या वर्षांत तो कामासाठी त्या अंगणात कधी गेला नव्हता. वर्गणीच्या दिवशी गेला होता तोही दारापर्यंतच. दुपारी त्याने कुलूप काढलं, तारेखालून वाकून गेला, आणि शर्ट तारेत अडकल्यामुळे काही वेळ दोन्हीकडचा नव्हता.

ड्रायव्हरने येऊन शर्ट सोडवला. "या मालक. फुलं तयार आहेत. हवं ते निवडा."

"ही वेल तुमचीच कशावरून?"

"माझ्या अंगणात आहे."

"अंगणात उभी असते ती गाडी आपलीच असते का?"

"नसते," ड्रायव्हर म्हणाला. "आयुष्यभर दुसऱ्याचीच उभी केली. पण ही माझी. ही बघा, फळं जांभळी. तुमची पिवळी. पानं धरून बघा, वास घ्या. चावून बघायचं असेल तर चावा."

खातरजमाने पान चावून पाहिलं. कडू होतं. कडू असेल असं त्याला वाटलंच होतं.

"सरळ विचारतो," तो म्हणाला. "तुम्हाला आईची वेल हवी आहे का?"

"वेल हवी असती तर एक फांदी कापून रुजवली असती. तुमची वेल दरवर्षी कुंपण ओलांडून माझ्याकडे येते. ही काय, अशी." ड्रायव्हरने कुंपणाकडे बोट केलं. "मी तिला परत तुमच्याकडे सारतो. आवाज न करता. तुम्ही भांडायला याल म्हणून."

खातरजमा कुंपणाजवळ गेला. आईच्या वेलीचे शेंडे तारेवरून पलीकडे लोंबायला लागले होते, तिथे ते अलगद वळवून सुतळीने परत आपल्या बाजूच्या तारेला बांधलेले होते. नवी सुतळी होती, जुनी काळी पडलेली सुतळी होती, त्याहून जुनी, वेलीच्या खोडात रुतून बसलेली होती. सगळ्या गाठी एका पद्धतीच्या, टपावरचं सामान आवळताना मारतात तशा. त्याच्या बाजूने यातलं काही दिसत नव्हतं. त्या बाजूने पानं दाट होती.

त्याने एक गाठ ओढून पाहिली. पक्की होती. मग त्याने डबीत पराग भरला आणि तो परत गेला. जाताना शर्ट पुन्हा अडकला, तो त्याने स्वतः सोडवला.

पिशव्या बांधून तो रोज मांडवाखाली खुर्ची टाकून बसला. जेवण तिथेच. लाल दोऱ्यांची फुलं आधी कोमेजली, मग देठ पिवळे पडले, मग एकेक पिशवीत गळून पडली. पांढऱ्या दोऱ्यांच्या फुलांच्या बुडाशी हिरवी बोंडं टचटचीत होऊ लागली. गाठीतले केस जिथल्या तिथे होते.

"आता?" ताईने विचारलं.

"लाल फुलांना माझ्या बोटाचा गुण येत नसेल."

"पांढऱ्यांनाही तूच बोट लावलंस ना?"

त्याने उरलेल्या कळ्यांवर पुन्हा प्रयोग लावला. या वेळी लाल दोऱ्यांच्या फुलांना त्याच्यासमोर ताईने बोट लावायचं. तिने लावलं. तीही गळाली. इकडे बहर उतरणीला लागला होता. वरचे मांडव फुलं देऊन मोकळे झाले होते आणि खालच्या बाजूला तेवढ्या कळ्या शिल्लक होत्या. ताई झाडू घेऊन आली, पंपाच्या खोलीपाशी आणखी एक ढीग ठेवला आणि भावापाशी येऊन उभी राहिली.

"हे बघ," ती म्हणाली, "माझ्या लग्नाच्या बोलण्यांत तू ज्यांना हाकललंस त्यांच्यातले काही खरंच वाईट असतील. मला माहीत नाही. मी कधी बघितले नाहीत, तूच बघितलेस. पण आता माझ्यासाठी तू बघू नकोस. मी बघितलंय. आणि ह्या कळ्या उद्या उमलणार आहेत."

खातरजमाने पांढऱ्या दोऱ्याचं एक बोंड चिमटीत धरलं. त्याच्या बोटाने धरलेलं ते पहिलं फळ होतं. त्याने ते दाबून पाहिलं, हलवून पाहिलं, कानाजवळ नेलं. खुळखुळत नव्हतं. खुर्चीवरून उठून तो कुंपणाच्या कोपऱ्यात गेला, साखळी काढली, आणि किल्ली जुड्यातून सोडवून ताईच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी उरलेल्या कळ्या उमलल्या तेव्हा दोघंही बोटं पिवळी करत मांडवाखाली होती, आणि डबी कुंपणावरून येत-जात होती.

कारखान्याची गाडी आली. त्या वर्षी क्रेट निम्मे भरले होते. माणसाने एक फळ कापलं, दुसरं कापलं, सुरी पुसली आणि क्रेट उचलले. "माल कमी आहे," तो म्हणाला.

"माल बरोबर आहे," खातरजमा म्हणाला. "चूक माझी आहे." हे वाक्य ताईने ऐकलं, पण ती गाडीच्या पलीकडच्या बाजूला उभी होती, त्यामुळे तिने ऐकलं की नाही याबद्दल त्याला आजही शंका आहे.

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. साक्षीदार म्हणून खातरजमाने सही केली. त्याआधी त्याने छापील मजकूर मागच्या बाजूपर्यंत वाचला, नवऱ्या मुलाचा फोटो आणि नवरा मुलगा यांचा मेळ घातला, आणि कारकुनाला शिक्का पुन्हा एकदा मारायला लावला, पहिला फिकट आला होता म्हणून. बाहेर आल्यावर त्याने ड्रायव्हरला भावोजी म्हटलं. ड्रायव्हरने मान हलवली. मग म्हणाला, "आज ऊन आहे."

ताई आता पलीकडून डबी देते. अलीकडची फुलं तो स्वतः करतो. डबी घेताना तो ती उघडून बघतो, आणि ताई त्याचं बघून होईपर्यंत थांबते.

गेल्या लागवडीत मर लागलेल्या काही वेली काढाव्या लागल्या. त्या जागी त्याने ड्रायव्हरच्या वेलीच्या फांद्या रुजवून लावल्या. मॅडम सांगून गेल्या होत्या तशा विखरून मात्र नाही. सगळ्या एका ओळीत, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, आपल्या नजरेखाली. मॅडम एकदा येऊन बघून गेल्या. ओळीत लावायला नको होत्या, पण लावल्या हे बरं केलंत, असं म्हणाल्या. त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला तेव्हा परतताना त्याने एकच कुलूप लावलं.

त्या ओळीला सगळ्या मळ्यात सर्वांत जास्त फळं लागतात. आजूबाजूला चहूकडे आईच्या वेलीचाच पराग असतो, आणि भुंगे आपण होऊन तो नेऊन लावतात; डबी लागत नाही. हे ताईने त्याला समजावून सांगितलं आहे.

तो तपास करतो आहे.